घरचा कुकारा

प्रेमला चुरीने कुणाकुणाची नक्कल केली नाही, ते विचारा. एसटीच्या कंडक्टरची केली, राजोडीच्या मासळीवालीची केली, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाची केली. लग्नात रुसून बसणाऱ्या आत्याबाईंची तर अशी केली, की वसईतल्या निम्म्या आत्याबाईंनी पुढे रुसणंच सोडून दिलं. एकटी बाई, ना जोडीला कुणी, ना मागे पडदा, आणि समोरचं अख्खं थिएटर पोट धरून हसतंय, हे आपल्याकडच्या माणसांनी पहिल्यांदा पाहिलं ते तिच्यामुळे. पुढे ती नाटकात गेली, सिनेमात दिसली, टीव्हीवर झळकली. पण इतकं सगळं करून एका घराला तिने कधी हात लावला नव्हता. ते घर तिचं स्वतःचं.

का लावला नव्हता, ते कळायचं तर आधी कुकारा म्हणजे काय ते कळायला हवं. आताच्या पोरांना कुकारा विचारा, कुकर म्हणतील. असो.

त्या काळी निर्मळच्या वाड्या म्हणजे नुसती गर्द झाडी. केळी, नारळ, पानवेली, मधूनमधून कागड्याची फुलं. केळीच्या एका रांगेपलीकडचं माणूस दिसायचं नाही. मग जो तो तोंडाशी पंजा धरून ‘कूऽऽ’ अशी लांब साद घालायचा. हाच कुकारा. प्रत्येक घराचा कुकारा वेगळा. कुणाचा आखूड आणि रागीट, कुणाचा लांबलचक, कुणाचा शेवटी उडी मारून वर जाणारा. हिंदूंच्या वाडीतून निघो नाहीतर ख्रिस्ती वाडीतून, न बघता कळायचं की हाक कुणाच्या घरची. आणि नियम एकच. आपल्या घरचा कुकारा कानावर पडला, की हातातलं काम टाकून ओ द्यायची. माणूस माडावर चढलेलं असायचं, विहिरीच्या काठावर वाकलेलं असायचं, पायाखाली जनावर निघायचं. ओ आली नाही, तर बायका चूल टाकून आणि पुरुष चालता रहाट सोडून धावत सुटायचे.

प्रेमलाचं माहेर बोळिंजचं. लहानपणीच शेजारपाजारच्या सगळ्या घरांचे कुकारे तिच्या गळ्यात जाऊन बसले होते. कुंपणाआड लपून ती कुणाच्याही घरची हाक द्यायची. मग तो बिचारा शेतकरी हातपाय धुऊन जेवायला घरी हजर, आणि बायको कमरेवर हात ठेवून म्हणायची, “तुम्हाला कुणी बोलावलं? भात अजून चुलीवर आहे!” पोरीने मार खाल्ला, पण खोड काही गेली नाही.

लग्न होऊन ती निर्मळला आली, गंगाराम चुरींच्या घरात, आणि थोड्याच दिवसांत इथलेही कुकारे तिच्या गळ्यात बसले. नवरा दयाराम वसईच्या एका कचेरीत कारकून. सकाळी सायकलवर टांग, संध्याकाळी परत वाडीत. सासरा गंगाराम म्हणजे देवमाणूस. दिवसभर रहाटावर, तोंडात तंबाखू, आणि बोलणं इतकं कमी की त्याच्या बैलालाच त्याचे जास्त शब्द माहीत असतील. आणि सासू रखमाबाई. बाई कामाची वाघीण, पण हसणं मात्र तिने जणू कुणाकडे गहाण टाकलेलं. सोयरेधायरे हसायला लागले की ती उठून चुलीकडे जायची.

या दोघांचा संसार चालायचा तो कुकाऱ्यावर. गंगाराम वाडीच्या पार टोकाला, विहिरीवर. दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले की तो कुकारा द्यायचा. खालच्या पट्टीत सुरू होणारा, लांबत जाणारा, आणि शेवटी तंबाखूमुळे किंचित अडकणारा. रखमाबाई घरातून ओरडायची, “ओऽऽ! आले, आले!” आणि भाकरी घेऊन निघायची. दिवसभरात नवरा-बायकोचं बोलणं म्हणाल तर एवढंच. पण हे एवढं कधी चुकलं नाही.

आता नव्या सुनेने काय करावं? लग्नाला वर्षही झालं नसेल. एक दिवस सकाळीच प्रेमला केळीच्या आड उभी राहिली आणि तिने सासऱ्याचा कुकारा दिला. शेवटच्या त्या अडकण्यासकट! भलत्या वेळी हाक आली, म्हणजे काहीतरी घडलं, असंच रखमाबाईला वाटलं. तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती धावली, पाटाच्या चिखलात घसरली, आणि लुगड्यासकट आडवी झाली. समोर कोण? तर तोंडाशी पंजा धरलेली सून. पलीकडून गंगाराम आला, त्याने बायकोला पाहिलं, सुनेला पाहिलं, आणि तो माणूस इतका हसला, इतका हसला, की त्याला मटकन खालीच बसावं लागलं.

रखमाबाई हसली नाही. चिखलातून उठली, तशीच सुनेला हाताला धरून तुळशीपाशी घेऊन गेली.

“हात ठेव,” म्हणाली. “माझ्या घरचा आवाज लोकांत न्यायचा नाही. लोकांना हसवायला हे घर नाही. ओ देणारं माणूस खुळं असतं असं वाटलं तुला? ठेव हात.”

प्रेमलाने हात ठेवला. तिला खरंच रडू आलं होतं. गंगाराम मागून हळूच म्हणाला, “जाऊ दे गो, पोर हाय.” पण रखमाबाईच्या त्या नजरेपुढे त्याचंही काही चाललं नाही.

पुढे दोन-तीन वर्षांत गंगाराम गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. वाडीत मोटारपंप आला आणि पंपाच्या धडधडीत गावचे कुकारे हळूहळू बुडाले. ओरडून उपयोग काय, ऐकू येणार कुणाला? पण प्रेमला बघायची. दुपार झाली की सासू चुलीपुढून उठते, मागच्या दारात येते, पदराने हात पुसत थोडा वेळ उभी राहते, आणि मग परत आत जाते. प्रेमलाच्या गळ्याशी तो कुकारा यायचा. आणि ती तो गिळून टाकायची. शपथ घेतली होती ना!

आता तुम्ही म्हणाल, असल्या घरातली सून रंगमंचावर गेली कशी? तर ढकलली म्हणून गेली. ढकलणारी होती कुंपणापलीकडची क्लेमेंटीन. क्लेमेंटीन आणि प्रेमला म्हणजे एका वेलीची दोन पानं. एकीने केळफूल तोडलं की अर्धं दुसरीच्या घरात. क्लेमेंटीनचा भाऊ फ्रान्सिस शाळेत मास्तर होता आणि नाटकाचं त्याला भारी वेड. नाताळात क्लेमेंटीनच्या माहेरगावच्या मैदानात तो दरवर्षी नाटक बसवायचा. त्र्याहत्तर सालचं ते नाटक. पहिला अंक संपला आणि पडदा असा अडकला की वर जाईना, खाली येईना. दोरी ओढायला आठ-दहा जण लागले तरी ढिम्म. लोक शिट्ट्या मारायला लागले. फ्रान्सिस मास्तरांच्या कपाळाला घाम.

“हिला सोड पुढे,” क्लेमेंटीन म्हणाली.

“कुणाला? मला? तुझं डोकं फिरलंय काय गो?” प्रेमला म्हणाली, तोवर ती पडद्यापुढे उभी होती. क्लेमेंटीनचा हात जबरदस्त, पाणी शेंदून शेंदून तयार झालेला.

समोर एवढी माणसं. प्रेमलाला मागे पळायलाही वाट नव्हती. तिने डोळे मिटले आणि तिला राजोडीची मासळीवाली आठवली. भरलेली पाटी घेऊन एसटीत चढलेली. झालं! तिने पाटी डोक्यावर घेतली, म्हणजे हवेतच, आणि कमरेला असा झोका दिला की पुढच्या रांगेतल्या माणसांनी आपोआप माना बाजूला केल्या. “सरक रे बाबा, मासलीचा पानी परेल आंगावर!” मग कंडक्टर झाली. मग पाटीचं अर्धं तिकीट की पूर्ण यावरचं दोघांचं भांडण. मग मधेच बसलेला तो पांढऱ्या कपड्यातला गृहस्थ, जो नाक तर दाबतोय पण बोंबिलाचा भावही विचारतोय. मैदान नुसतं उसळलं. पडद्याची दोरी ओढणारे दोरी सोडून हसत बसले. पडदा केव्हाच सुटला होता, पण कुणी तो वर न्यायलाच तयार नाही.

बातमी सकाळी दुधाआधी घरी पोहोचली. प्रेमला चुलीपुढे मान खाली घालून बसलेली. आता काय ऐकावं लागतंय!

“आपल्या घराचं काही केलंस?” रखमाबाईने विचारलं.

“नाही, आई.”

“मग दूध उतू जातंय ते बघ.”

संपलं. ना हो, ना नाही. पुढची अकरा वर्षं रखमाबाईचं धोरण हेच. सून कार्यक्रमाला निघाली की ती डब्यात भाकरी बांधून द्यायची आणि परत आली की विचारायची, “आपल्या घराचं काही नाही ना?” पण पाहायला म्हणाल तर एकदाही आली नाही. कुणी विचारलं की सांगायची, “चाळे बघायला मला वेळ नाही.”

हा ‘चाळे’ शब्द प्रेमलाला फार लागायचा. बाकीच्यांचं ती मनावर घेत नसे. मुंबईत एका नाटकवाल्याने तिला सांगितलं होतं, “बाई, बायकांनी रंगमंचावर रडावं. हसवणं पुरुषांचं काम.” ती म्हणाली, “तुमचं खरं आहे. तुम्ही नुसते समोर उभे राहिलात तरी मला हसू येतंय.” पण त्यानेच तिला पहिला प्रयोग दिला. त्या प्रयोगाला मोजकी माणसं. मागून एक जण ओरडला, “अहो बाई, घरी जा, भात करपला असेल!” दुसरी कुणी असती तर रडत आत गेली असती. ही कंडक्टर झाली. “भाताकडे नवरा बघतोय. तुम्ही तिकीट दाखवा. आणि उतरायचं कुठं ते बोला, उगाच पुढच्या स्टॉपपर्यंत न्यायचो मी!” तो माणूस दुसऱ्या प्रयोगाला बायकोला आणि मेव्हण्यांना घेऊन आला.

भाताकडे खरंच नवरा बघत होता. दयारामसारखा माणूस मिळायला भाग्य लागतं. प्रेमलाची ट्रंक सायकलला बांधून तो स्टँडवर सोडायला जायचा, कचेरीतले साहेब टोमणे मारायचे ते हसून ऐकायचा. फक्त आईचा विषय निघाला की हात जोडायचा. “तिला समजावणं बाबांना जमलं नाही, मला काय जमणार?”

‘शेजारीण हाक मारते’ हा तिचा एकटीचा कार्यक्रम गाजायला लागला. मग नाटकात भूमिका आल्या. एका नाटकात तिची मोलकरीण होती, दोन वाक्यांची. ती वाक्यं बोलण्याआधी तिने नुसता केर काढला आणि टाळी घेतली. पुढच्या नाटकात नाटककाराने तिच्यासाठी अख्खा अंक लिहिला. सिनेमावाले आले, टीव्हीवाले आले. निर्मळच्या नाक्यावर एकाच घरात टीव्ही होता, त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीला लटकलेली माणसं वेगळीच. वाडीतली बाई काचेत बसून बोलतेय, आणि तीसुद्धा आपल्याच भाषेत! म्हाताऱ्या तर टीव्हीला विचारत होत्या, “काय गो, बरी हायस ना?”

पण फ्रान्सिस मास्तर म्हणजे मोठा खट माणूस. तोंडावर कौतुक करणार नाही. एका प्रयोगानंतर मेकअपच्या खोलीत येऊन ते म्हणाले, “सगळं आहे प्रेमला, पण शेवट नाही. तू सगळ्या गावाच्या घरात जाऊन येतेस. स्वतःच्या घरी परत येत नाहीस. लोक हसत हसत उठतात आणि त्यांचं काहीतरी राहून जातं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “ते माझं नाही, मास्तर. ते माझ्या सासूचं आहे.”

आणि मग आलं चौऱ्याऐंशी साल. निर्मळची जत्रा. कार्तिकातली ही जत्रा म्हणजे आपल्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. सुकवलेल्या केळ्यांच्या, म्हणजे सुकेळ्यांच्या गाठी, खेळणी, घोंगड्या, पाळणे, सगळा तालुका लोटतो. जत्रेत मंडप टाकून करमणुकीचा कार्यक्रम व्हायचा. पोरांनी ठरवलं, यंदा बाहेरचा ऑर्केस्ट्रा नको, आपली प्रेमलावहिनी हवी. तिने पुणं जिंकलं, मुंबई जिंकली, पण स्वतःच्या गावात तिला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. बोलावणं आलं तेव्हा बाई आनंदाने वाडीत जाऊन एकटीच नाचली. क्लेमेंटीनने कुंपणावरून पाहिलं म्हणून हे कळलं.

पण गावात विठ्ठलकाका नावाचं एक प्रकरण होतं. वयाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे, आणि त्यांच्या होकाराशिवाय जत्रेत नारळ फुटत नसे. ते थेट रखमाबाईच्या ओट्यावर आले.

“वहिनी, मुंबईत काय करायचं ते करा. पण गावाच्या जत्रेत चुरींच्या सुनेने तोंडं वेडीवाकडी करायची, हे बरं दिसतं का? गंगाराम असता तर?”

रखमाबाई पानं निवडत होती. तिने मान वर केली नाही. “ते असते तर पुढच्या खुर्चीत बसले असते.”

“मग तुम्ही बसा!” विठ्ठलकाका इरेला पेटले. “तुम्ही पुढच्या रांगेत बसलात तर माझा शब्द मागे. नाही बसलात तर ऑर्केस्ट्रा!”

दाराआड प्रेमला ऐकत होती. अकरा वर्षांत जी बाई थिएटरच्या दारापर्यंत आली नाही, ती पुढच्या रांगेत? संपला कार्यक्रम.

“बसेन,” रखमाबाई म्हणाली. “भाऊजी, चहा घेणार का निघताय?”

विठ्ठलकाका चहा न घेताच गेले. प्रेमला धावत बाहेर आली तर सासूने बोट वर केलं. “हुरळून जाऊ नकोस. त्याला बोलले ते त्याच्यापुरतं. तुला सांगते ते ऐक. माझं घर त्या मंडपात दिसलं ना, तर सगळ्या गावादेखत उठून चालायला लागेन.”

तिला ओळखणाऱ्या कुणालाही शंका नव्हती की ती उठेल. आणि ती उठली तर प्रेमलाचं गावात तोंड दाखवणं कठीण. जगाला हसवणाऱ्या बाईला सासू भरल्या मंडपात टाकून गेली, हे पुढच्या सात पिढ्यांनी सांगितलं असतं.

दिवेलागणीला मंडप भरला. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मागे माणसं बैलगाड्यांवर चढलेली. पहिल्या रांगेत मधोमध रखमाबाई, धुतलेलं लुगडं, हात मांडीवर, चेहरा दगडाचा. शेजारी दयाराम, तोही भीतीने तसाच बसलेला. पलीकडे विठ्ठलकाका.

प्रेमला सुरू झाली. मासळीवाली आली, कंडक्टर आला, जूचंद्रचा मीठवाला आला, साहेब आले, आत्याबाई आल्या. गावाने डोक्यावर घेतलं. विठ्ठलकाका आधी मिशीतल्या मिशीत, मग टोपी काढून तोंडावर धरून, मग उघड उघड हसायला लागले. पण प्रेमलाचं सगळं लक्ष त्या एका चेहऱ्याकडे. तो हलत नव्हता. अहो, पापणीसुद्धा नाही! एवढ्या हशात तिला पहिल्यांदा वाटलं, आपण हरलो. सगळं गाव हसलं तरी ही बाई घरी जाऊन चाळेच म्हणणार.

आणि वीज गेली.

गेली ती गेलीच. मंडप काळाकुट्ट. माईक मुका. पाळणे मधेच अडकले, वर बसलेल्या बायका किंचाळायला लागल्या. पोरं रडायला लागली, कुणी आईला शोधतंय, कुणी चपला. मागची माणसं उठून पुढे रेटायला लागली आणि मंडपाचे बांबू करकरायला लागले. विठ्ठलकाका बसा बसा म्हणून ओरडत होते, पण त्यांचा तो मोठा आवाजही कुणाला ऐकू गेला नाही. अजून थोडा वेळ गेला असता तर चेंगराचेंगरीच झाली असती.

प्रेमलाने विचार केला नाही. विचार करायला वेळ कुठे होता? दिसत नाही, माणूस सापडत नाही, तर वाडीतलं माणूस काय करतं? तिने तोंडाशी पंजा धरला आणि बोळिंजचा, आपल्या बापाच्या घरचा कुकारा दिला.

“कूऽऽऽ!”

गलबला जरा थबकला. अंधारात मागून, बैलगाडीवरून, तिच्या भावाचा आवाज आला. “ओऽऽ!”

हशा झाला. प्रेमलाने लगेच दुसरा दिला, क्लेमेंटीनच्या घरचा, शेवटी उडी मारणारा. “ओ गो ओ!” डावीकडून क्लेमेंटीन, आणि तिच्याबरोबर तिचा अख्खा गोतावळा. मग तिसरा, मग चौथा. एकेका वाडीचा, एकेका घराचा. पंपांनी बुडवलेले सगळे कुकारे त्या बाईच्या गळ्यात जिवंत होते! लोक ओ द्यायला लागले. आपला कधी येतो म्हणून कान देऊन खाली बसायला लागले. हरवलेली पोरं आपल्या घरची ओ ऐकून तिकडे रांगत गेली. एका हाकेला सासू आणि सून दोघींनी एकदम ओ दिली आणि अंधारातच जुंपली, “मला बोलावलं, तू कशाला मधे?” माणसं हसून लोळत होती.

मग तिने एक आखूड, रागीट कुकारा दिला. आणि बायकांच्या बाजूने विठ्ठलकाकांची म्हातारी सवयीने खेकसली, “आले हो आले! किती ओरडता, जीव घ्याल का?”

त्यानंतर जो हशा उठला तो म्हणे राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत गेला. विठ्ठलकाका अंधारात होते म्हणून वाचले.

घरं संपली. गाव संपलं. हसून दमलेला मंडप हळूहळू शांत झाला. वीज अजून आली नव्हती. प्रेमला धापा टाकत उभी होती, आणि समोरून, पहिल्या रांगेतून, एक आवाज आला. करकरीत, रागावलेला.

“काय गो प्रेमले!”

मंडपाने आवाज ओळखला. रखमाबाई.

“सगळ्या गावाला हाका मारल्यास. आपलं घर काय ओसाड पडलंय?”

“आई,” प्रेमला म्हणाली, “शपथ आहे ना.”

“मी घातली होती, मी सोडली. विठ्ठलच्या घराला हाक येते आणि माझ्या घराला नाही? मार हाक!”

प्रेमलाने पंजा वर नेला. इतकी वर्षं गिळलेला तो कुकारा. येईल का? तो आला. खालच्या पट्टीत सुरू झाला, लांबत गेला, वाडीच्या पार टोकापर्यंत, विहिरीपर्यंत, आणि शेवटी किंचित, तंबाखूने अडकावा तसा अडकला. जुनी माणसं दचकली. कुणीतरी पुटपुटलं, “गंगाराम!”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रखमाबाई उठून उभी राहिली होती.

“ओऽऽऽ! आले, आले!”

घरातून वाडीच्या टोकाला पोहोचायची ती ओ. मंडपात कुणी हसलं नाही, आणि मग कुणीतरी टाळी वाजवली आणि मंडप फुटायचाच बाकी राहिला. वीज आली ती नेमकी तेव्हाच. लोकांनी पाहिलं, प्रेमला रंगमंचावर ढसाढसा रडतेय, दयाराम दोन्ही हातांनी तोंड झाकून बसलाय, आणि रखमाबाई पदराने डोळे पुसत हसतेय. हो, हसतेय! दात दाखवून, खांदे हलवून. निर्मळमध्ये हा प्रकार कुणी पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून ‘शेजारीण हाक मारते’ला शेवट मिळाला. प्रेमला शेवटी सगळे दिवे बंद करायला लावायची आणि सासऱ्याचा कुकारा द्यायची. आणि पहिल्या रांगेतून ओ यायची. पुण्यात आली, नाशिकला आली, कोल्हापुरात आली. कारण रखमाबाई आता एकही प्रयोग सोडत नव्हती. डबा बांधून स्वतःच सुनेच्या आधी तयार होऊन ओट्यावर बसायची.

एका मोठ्या शहरातल्या प्रयोगानंतर तिथला एक पेपरवाला आत आला. प्रेमलाचं कौतुक करून झाल्यावर तो रखमाबाईकडे वळला. “आजी, प्रेक्षकांत बसून तुम्ही जी शेवटची ओ देता ना, कमाल! किती वर्षं काम करताय नाटकात?”

रखमाबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“नाटक?” ती म्हणाली. “नाटक ती करते. मला घरून हाक आली, मी ओ दिली.”